गाणे की अर्ज?

बी.कॉम. झालेल्या माणसाने तत्त्वज्ञानात शिरू नये, असे आमच्या घरचे मत आहे. तरीही एक प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे आणि तो ताळेबंदाच्या कुठल्याच बाजूला बसत नाही. माणूस आपले दुःख गाऊन सांगत असेल, तर आपण त्याचे दुःख ऐकावे की गाणे?

अर्जाचे तसे नसते. आमच्या वाटूरच्या शाखेत एखाद्याने 'मी अत्यंत अडचणीत आहे' असे लिहून खाली सही केली, की तो अडचणीत आहे असे आम्ही धरून चालतो. फार तर पुरावा मागतो. पण तोच माणूस हेच वाक्य काळी चारमध्ये म्हणाला, तर आपण मान डोलावतो आणि 'वा! पुन्हा एकदा' म्हणतो. अडचणीला पुन्हा एकदा म्हणणारा प्राणी जगात दुसरा नसावा.

हा किडा माझ्या डोक्यात सोडला भाच्याने. तो छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकतो, म्हणजे कानात बोंडे घालून हिंडतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने मला एक इंग्रजी आल्बम ऐकवला. नाव 'क्लोसर'. मी म्हटले, "अरे, क्लोझर! आमच्याकडे खातं बंद करताना म्हणतात तेच ना?" तो म्हणाला, "मामा, स्पेलिंग एकच आहे. क्लोसर म्हटलं तर अधिक जवळ, क्लोझर म्हटलं तर बंद करणारा. कसंही वाचा." हिशेबाच्या वहीत असे चालत नाही, कलेत चालते.

हा मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन नावाच्या चौघांचा दुसरा आल्बम. 1976 च्या सुमारास इंग्लंडात पंक नावाचा प्रकार निघाला होता. तीन सूर शिकायचे आणि जगावर ओरडायचे. ओरडून घसा बसल्यावर जे विचार करू लागले, त्यांच्या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात. (आमच्या युनियनचेही असेच झाले, पण त्याला कोणी नाव दिले नाही.) पहिला आल्बम 1979 चा. दुसरा मार्च 1980 मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित झाला आणि जुलैत बाजारात आला. मधल्या मे महिन्यात, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, त्यांच्या गायकाने, इयान कर्टिसने, आपले आयुष्य संपवले. वय तेवीस.

हा कर्टिस आमच्याच जातकुळीतला निघाला. गाण्याच्या आधी सरकारी रोजगार कचेरीत नोकरी करायचा, अपंगांना काम मिळवून द्यायचे टेबल सांभाळायचा. तिथे येणाऱ्या फेफरे असलेल्या एका मुलीवर त्याने पहिल्या आल्बमात गाणे केले. पुढे त्यालाही फेफऱ्याचाच आजार असल्याचे निदान झाले. त्यातून संसाराची ओढाताण. हे सगळे तो गाण्यांतून सांगत होता, नऊच्या नऊ गाण्यांत. त्यातल्या एकाचे नावच 'आयसोलेशन', म्हणजे एकटेपण. पण त्याचा ठेका असा पक्का, की आमच्या सौभाग्यवतींचे लाटणे आपोआप त्या तालात चालू लागले आणि पोळ्या नेहमीपेक्षा गोल झाल्या.

त्याच्या साथीदारांनी पुढे कबूल केले, की तालमीत आम्ही आमची वाद्ये ऐकत होतो, शब्दांकडे कोणाचे नीट लक्षच नव्हते. कर्टिसच्या एका मैत्रिणीला मात्र शंका आली होती. हा जे लिहितो ते खरे आहे, असे तिने फॅक्टरी रेकॉर्ड्सच्या टोनी विल्सनला सांगून पाहिले. तो म्हणाला, छे, ही नुसती कला आहे. आल्बमच्या वेष्टनावर इटलीतल्या एका थडग्याचे छायाचित्र, तेही कर्टिसच्या हयातीत ठरलेले. चित्र सुंदर आहे हे सगळ्यांना दिसले.

विल्सनला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याचीही बाजू आहे. प्रत्येक गाणे अर्जासारखे वाचायचे ठरवले, तर मुकेशची गाणी म्हणत दाढी करणारा निम्मा महाराष्ट्र दवाखान्यात न्यावा लागेल. मी एकदा आरशासमोर असेच गुणगुणत होतो, तर आईने बाहेरून विचारले, "बँकेत काही झालं का रे?" गाण्याची पार रया गेली. समर्थांचे जन्मगाव जांब आमच्याच जालना जिल्ह्यात. त्यांची करुणाष्टके म्हणजे पोळलेल्या जिवाने देवाला मारलेल्या हाका. आणि आम्ही पोरे ती दिवेलागणीला हातपाय धुऊन, एक डोळा स्वयंपाकघराकडे ठेवून म्हणायचो. कोणी विचारले नाही, की बाळ, तुला कसला अनुताप झाला?

तेव्हा लांबून ऐकणाऱ्याने गाणे गाणे म्हणून ऐकावे, त्यात पाप नाही, असे माझे मत. माझ्या भाच्याने कर्टिससाठी काय करायचे? पण एका गाडीत बसून गावोगाव हिंडणाऱ्याला, शेजारच्या टेबलावरच्याला, ही सवलत किती द्यायची? मला वाटते, मुळीच देऊ नये. आणि तरी तेच सर्वांत जास्त घेतात, कारण रोजचा आवाज कानाला ऐकूच येत नाही.

2013 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आमच्या भजनी मंडळातला एक गायक, स्वतः बागाईतदार, एकादशीच्या रात्री असा गायला की फाट्यावर मंठ्याची जीप धरायला उभे असलेले चार लोकही देवळात येऊन बसले. सगळे म्हणाले, काय लागला गळा! मीही म्हणालो. कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. ती उठली, काठी टेकत थेट पेटीपाशी गेली आणि म्हणाली, "काय झालंय रे लेकरा?"

तो हसून म्हणाला, "काही नाही मावशी, अभंग हाय तो."

"अभंग हाय ते ऐकलं म्या. तुला इचारायलेय."

तो पेटीवर हात ठेवून बसून राहिला, आणि मग बोलायला लागला. झाडे, बोअर, सावकार, घरी न सांगितलेला आकडा. टाळ खाली ठेवले गेले. रात्री दोन वाजेपर्यंत लोक बसले होते. सकाळी दोघेजण त्याच्याबरोबर जालन्याला गेले. बाग गेलीच, तो आहे, आता कापूस करतो आणि अजून गातो.

त्या रात्री आरती मात्र झाली नाही. ती अर्धी टाकणे बरोबर होते का, यावर मंडळात अद्याप दोन तट आहेत. पखवाजवाल्याचे आजही म्हणणे आहे, की म्हातारीने पाच मिनिटे थांबायला काय हरकत होती.