पडद्याकडून वहीकडे

शिक्षण-तंत्रज्ञान शिकायला घेतले तेव्हा मला त्या विषयाकडून एकच गोष्ट हवी होती. आठवीच्या मुलांना फळ्यावर जे दाखवता येत नाही, ते पडद्यावर नीट दाखवता यावे. ठाणे जिल्ह्यातल्या दिवा पूर्वेला, चाळी आणि नव्या इमारतींच्या दाटीतल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे, तर प्रयोगशाळा बहुधा एका कपाटात मावते. हृदयाच्या झडपा, ज्वालामुखीचे तोंड, अणूतले इलेक्ट्रॉन खडूने काढून काढून किती काढणार? त्यामुळे ‘दाखवणे’ हेच मला तंत्रज्ञानाचे काम वाटत होते, आणि त्यात काही वावगे होते असे मी आजही म्हणणार नाही. फक्त ते फार लवकर अपुरे पडले. ते कसे अपुरे पडत गेले आणि त्याच्या जागी काय आले, हे लिहावेसे वाटते, कारण माझ्या पिढीच्या पुष्कळ शिक्षकांच्या डोक्यात हीच उलथापालथ गेल्या काही वर्षांत झालेली मी पाहते.

आमची सुरुवात एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्राने झाली. पत्र टाइप करणे, तक्ता तयार करणे, सेवापुस्तकात नोंद झाली की विषय संपला. मग 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून वेगळाच उत्साह दिसू लागला. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, टॅब आले. आमच्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याला संदीप गुंड या शिक्षकाने उभा केलेला डिजिटल वर्ग शिक्षकांच्या बोलण्यात सारखा यायचा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेली आणि डिसेंबर 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, हे मला पुरस्काराहून मोठे वाटते. या माणसांनी शिक्षकाच्या पेशाला ताठ मान दिली. पण त्यांचे अनुकरण करताना आमच्यापैकी बहुतेकांनी उचलले ते सामान. किती वर्ग डिजिटल झाले, किती शिक्षकांनी लॉगिन केले, हे मोजले जाऊ लागले. मुलाच्या डोक्यात काय झाले, हे विचारणारा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

अभ्यासाला लागल्यावर आधी हाती आला तो इतिहास, आणि त्याने मला गप्प बसवले. सिनेमा आला तेव्हा, 1913 मध्ये, थॉमस एडिसनने शाळांतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील असे भाकीत केले होते. त्यानंतर रेडिओबद्दल, दूरचित्रवाणीबद्दल, संगणकाबद्दल तेच बोलले गेले. लॅरी क्यूबन यांनी 1986 मध्ये हा सगळा क्रम एका पुस्तकात मांडला: मोठी आश्वासने, मग शिक्षकांच्या वर्गात तुरळक वापर, मग शिक्षकांनाच दोष. आपल्याकडे 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर ‘साइट’चा प्रयोग झाला. उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवले गेले. तांत्रिकदृष्ट्या ती अचाट कामगिरी होती. 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि 2017 मध्ये बंदही झाली. तिचे कार्यक्रम बघत मोठी झालेली माझ्या वयाची माणसे अजून त्यांची आठवण काढतात. पण तिने वर्गात काय बदलले, असे विचारले तर उत्तर देताना कुणीही अडखळेल.

मग रिचर्ड क्लार्क वाचला. 1983 च्या आपल्या लेखात तो म्हणतो की माध्यम हे माल पोचवणारे वाहन आहे. किराणा कुठल्या ट्रकमधून आला, यावर घरातल्या माणसांचे पोषण ठरत नाही. शिकणे घडते ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. पुढे रॉबर्ट कोझमाने त्याला उत्तर दिले: काही माध्यमे शिकणाऱ्याला अशी गोष्ट करू देतात जी एरवी करताच येत नाही, म्हणून माध्यम आणि पद्धत अशी फोड करणेच चूक. हा वाद वर्षानुवर्षे चालला. मला त्यात कोण जिंकले याहून एक वेगळाच प्रश्न मिळाला, आणि तो मी वर्गात घेऊन गेले. हे साधन वापरताना मूल नेमके काय करते? बघते, की काही ठरवते?

आठवीला ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हा पाठ आहे. दोन सेल, दोन छोटे बल्ब, वायरचे तुकडे. बल्ब एकसर जोडायचे, म्हणजे एकामागून एक. पूर्वी मी जोडून दाखवत असे, आकृती काढत असे, मुले उतरवून घेत. या वेळी सर्किट पूर्ण करण्याआधी थांबले आणि विचारले, कुठला बल्ब जास्त उजळेल? पहिला, दुसरा, की दोन्ही सारखे? प्रत्येकाने आपले उत्तर आणि त्याचे कारण वहीत लिहायचे, शेजाऱ्याला दाखवायचे नाही.

बहुतेकांनी ‘पहिला’ लिहिले. ते अपेक्षित होते. करंट पहिल्या बल्बमध्ये ‘खर्च होतो’ ही समजूत न्यूझीलंडपासून इंग्लंडपर्यंतच्या मुलांत संशोधकांना 1980 च्या दशकातच सापडली होती. मला थांबवले ते कारणांनी. एका मुलीने लिहिले होते: ‘पाणी सोडल्यावर पहिल्या चाळीला जोरात येते, आमची चाळ शेवटची आहे, आम्हाला बारीक धार येते.’ वह्या चाळत गेले तशी हीच पाइपलाइन वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसली. दिव्यात राहणाऱ्या मुलाला वाहत्या गोष्टीचा जो सगळ्यात खात्रीचा अनुभव आहे, त्यावरून त्याने विजेचा सिद्धांत बांधला होता. अंगावर आलेल्या अनुभवातून नीट तर्क केला होता. असा तर्क पुस्तकातल्या एका वाक्याने पुसला जाईल अशी आशा करणे हा त्या मुलीच्या बुद्धीचा अपमान आहे.

सर्किट जोडले. आणि एक बल्ब खरोखरच थोडा जास्त उजळला! ‘पहिला’ लिहिणारे ओरडले. बाजारातले स्वस्त बल्ब सारखे नसतात, फिलामेंटमध्ये उन्नीस-बीस असतेच. त्यातून आता सगळ्या विजेऱ्या एलईडीच्या झाल्यामुळे जुने बल्ब मिळतील ते घ्यावे लागतात. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, बल्बांची जागा बदलून बघा ना.’ जागा बदलली. जास्त उजळणारा बल्ब आता दुसऱ्या जागी होता आणि तिथेही तोच जास्त उजळत होता. वर्गात कुजबुज सुरू झाली. म्हणजे जागेचा प्रश्न नाही, बल्बचा आहे.

पडदा मी यानंतर लावला. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पात विजेचे सर्किट जोडून बघता येते. ते आधी उतरवून ठेवले तर इंटरनेटशिवाय चालते, आणि हे आमच्याकडे महत्त्वाचे. तिथले दोन्ही बल्ब तंतोतंत सारखे असतात, आणि वायरमधून सरकणारे ठिपके दिसतात. दोन्ही बल्बांतून ठिपके एकाच वेगाने जात होते. शेवटच्या चाळीतली तीच मुलगी उठून म्हणाली, ‘पण इथे पाणी परत टाकीत जातंय. आमच्याकडे परत कुठे जातं?’ सर्किट बंद का असावे लागते, हे मी इतकी वर्षे शिकवत आले होते. ते इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी सांगता आले नव्हते.

त्या तासिकेत खरा बल्ब, संगणकातला बल्ब आणि वही ही तिन्ही साधने लागली, आणि तिघांचे काम वेगळे होते. खऱ्या बल्बने गोंधळ घातला, तो आवश्यक होता. संगणकाने न दिसणारे दाखवले. पण दोघांना अर्थ आला तो वहीतल्या कारणांमुळे. ‘दाखवणे’ तंत्रज्ञानाचे पहिले काम आहे असे मानणारी मी इथे बदलले. मुलाची आजची समजूत उघड करणे हे पहिले काम, आणि त्यासाठी अनेकदा दोन रुपयांचा कागद पुरतो. दाखवणे त्यानंतर.

पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोएलर यांनी 2006 मध्ये मांडलेली चौकट मला तेव्हा कुठे कळली. परीक्षेपुरती ती पाठ होती: विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान, तंत्रज्ञानाचे ज्ञान अशी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे. ली शुलमन यांनी 1986 मध्ये म्हटले होते की विषय येणे आणि तो विषय शिकवता येणे यांच्यामध्ये शिक्षकाचे स्वतःचे असे एक ज्ञान असते. मिश्रा-कोएलर यांनी त्यात तंत्रज्ञान जोडले. त्या आकृतीभोवती ‘संदर्भ’ असेही लिहिलेले असते, आणि तिकडे माझे लक्ष गेले नव्हते. माझ्यासाठी तो संदर्भ म्हणजे शेवटच्या चाळीतली बारीक धार. ती कळल्याशिवाय बाकीची वर्तुळे कामाला लागत नाहीत.

आमच्या कर्जत मार्गावरच्या एका गावाची गोष्ट या अभ्यासात मला पुन्हा पुन्हा आठवली. 2007 मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी मराठी शाळेत झाला. त्यामागची प्रेरणा सीमोर पॅपर्ट यांची होती. संगणकाने मुलाला शिकवू नये, मुलाने संगणकाला शिकवावे, असे त्यांनी 1980 मध्ये मांडले होते. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर मुलांनी फोटो काढले, गावातली माहिती गोळा केली, मराठीत टाइप केले. पॅपर्ट यांचे म्हणणे मला मनापासून पटते. मात्र यंत्र हातात दिले की बाकीचे आपोआप होईल, हा त्या योजनेतला विश्वास पटत नाही. खैरातसारख्या शाळेत जे घडते ते तिथल्या शिक्षकाच्या रोजच्या हजेरीमुळे घडते, आणि योजनांच्या अहवालात ही हजेरी सगळ्यात कमी जागा घेते.

मग टाळेबंदी आली. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे घोषवाक्य होते, आणि दिव्यात त्याचा अर्थ घरटी एका फोनवर येऊन थांबत होता. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण 2018 मधल्या 36.5 टक्क्यांवरून 2020 मध्ये 61.8 टक्क्यांवर गेले. आमचा भाग शहरी, आकडा याहून मोठा असेल. पण घरात फोन असणे आणि मुलाला फोन मिळणे यांत पूर्ण दिवसाचे अंतर होते. फोन वडिलांबरोबर कामावर जाई आणि रात्री परत येई. काही कुटुंबे कोकणात गावी निघून गेली, तिथे रेंजसाठी टेकडीवर चढावे लागे. म्हणून मी चित्रफिती पाठवणे सोडून रात्री एक छोटा आवाजी संदेश पाठवू लागले. त्यात एकच प्रश्न, घरातल्या वस्तूवरचा: ताक घुसळल्यावर लोणी वर का येते? आजीला विचार, तुला काय वाटते ते सांग. उत्तरे आवाजातच येत, मागे कुकरची शिट्टी आणि आजीची दुरुस्ती. शिक्षण-तंत्रज्ञानाचे सगळ्यात स्वस्त रूप ते हेच असावे, आणि त्या काळात मुलांची कारणे मला जितकी ऐकू आली तितकी वर्गातही आली नव्हती.

या सगळ्यानंतर मी ताराबाई मोडकांकडे वळले, आणि त्यांच्याविषयी वाचायला इतका उशीर का झाला याची खंत वाटली. आमच्या बी.एड.ला त्या ‘बालवाडीच्या प्रणेत्या’ म्हणून टीप लिहिण्यापुरत्या होत्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केले, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर वेगळा झाला 2014 मध्ये. माँटेसरीची महागडी साधने परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शंख, पाने, खडे वापरले. आदिवासी मुले गुरे राखायला जात आणि शाळेत येऊ शकत नसत, म्हणून कुरणशाळा काढली. मुले गुरांमागे जिथे असत तिथेच शाळा नेली. साधन, वेळ, जागा आणि मुलाचे आयुष्य यांचा एकत्र विचार करून केलेली ही रचना आहे. शिक्षण-तंत्रज्ञानाच्या कुठल्याही चांगल्या अभ्यासक्रमात पहिला पाठ हा असायला हवा. पवईच्या आयआयटीत आणि एसएनडीटी विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी एकदा कोसबाडला जाऊन यावे, असे मला मनापासून वाटते.

आता मुलांच्या हातात उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. आठवीतला मुलगा प्रश्न टाइप करतो आणि मराठीत परिच्छेद मिळवतो. ‘असर’ 2024 मध्ये 14 ते 16 वयोगटातल्या 80 टक्क्यांहून अधिक मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. बंदी घालून हे थांबणार नाही. पण शेवटच्या चाळीतल्या त्या मुलीने आधी फोनला विचारले असते, तर तिला बरोबर उत्तर मिळाले असते आणि तिची पाइपलाइन मला कधीच दिसली नसती. म्हणून माझ्या वर्गात आधी वही, मग चर्चा, मग फोन असा क्रम आहे. फोनचे उत्तर आले की मुलांनी ते आपल्या लिहिलेल्या कारणाशी ताडून पाहायचे आणि कुठे जुळत नाही ते खूण करून ठेवायचे.

आमच्या भूगोलाच्या बाईंना हा क्रम मान्य नाही. आठवीलाच ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा पाठ आहे. त्या म्हणतात, ‘वीज मुलांच्या घरात आहे, पृथ्वीच्या पोटात कोण गेलंय? ज्याची काहीच कल्पना नाही, तिथे काय अंदाज करणार? आधी दाखवायलाच हवं.’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि माझ्याकडे त्याचे तयार उत्तर नाही. मला वाटते, बोअरवेल खोदताना बघितलेली मुले काहीतरी लिहितीलच. त्यांना वाटते, ती नुसते दगड लिहितील. जूनमध्ये शाळा उघडली की ‘अ’ तुकडीत आधी प्रश्न आणि ‘ब’ तुकडीत आधी चित्रफीत, असे आम्ही ठरवले आहे. दोन्ही तुकड्यांच्या वह्या शनिवारची शाळा सुटल्यावर शिक्षक-खोलीत बसून आम्ही दोघी एकत्र वाचणार आहोत.