मुलींचा वाटा
शास्त्रपाठ : गणना २७:१-७, ईयोब ४२:१३-१५



गेल्या दोन पिढ्यांत आपल्या कुटुंबांच्या चालीरीती पुष्कळ बदलल्या. एकत्र घरे विभागली, मुली शिकल्या, नोकरीनिमित्त दूरच्या शहरी गेल्या. परंतु एक रीत अनेक घरांत अजून ठाण मांडून आहे. वडील प्रभूमध्ये निजतात, स्मरणोपासना होते आणि थोड्याच दिवसांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. “तुझ्या लग्नात खर्च केलाच होता,” असे भाऊ म्हणतो. माहेर तुटेल या भीतीने ती मुकाट्याने सही करते.

सलाफहादाच्या पाच मुली मुकाट्याने बसल्या नाहीत. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक एलाजार, सरदार व सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पित्याच्या वतनात वाटा मागितला. मोशेने त्यांना दटावले नाही, की स्वतःच्या मताने उत्तरही दिले नाही. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले आणि परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले.

कोणी म्हणेल, त्यांना भाऊ नव्हता. खरे आहे; पण ईयोबाकडे पाहा. दुःखातून वर आल्यावर त्याला सात पुत्र व तीन कन्या झाल्या, आणि त्याने आपल्या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले. ते त्यांना मागावे लागल्याचा उल्लेख शास्त्रात नाही.

आपल्या देशातही अशीच एक भगिनी दाराशी उभी राहिली. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. केरळच्या शिक्षिका मेरी रॉय यांनी हे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले आणि १९८६ साली त्या प्रदेशातील ख्रिस्ती मुलींनाही १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू असल्याचा निर्णय झाला. देशाच्या बहुतेक भागांत आपल्याला लागू असलेल्या या कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र केलेले नसेल तर विधवेला एक तृतीयांश मिळून उरलेले मुलगे व मुली यांच्यात सारखे वाटले जाते.

म्हणजे कायद्याने दार उघडले आहे. बंद आहे ते आपले मन. बहिणीने राजीखुशीने आपला वाटा भावाला दिला तर ते प्रीतीचे दान होय. पण जे आपले आहे हेच जिला कोणी सांगितले नाही, ती दान कसे देणार? आणि ज्या माहेराची किंमत एक सही आहे, ते माहेर कसले?

पेत्र पतींना बजावतो की, स्त्रिया जीवनाच्या कृपादानात त्यांच्याबरोबरीच्या वारीस आहेत. स्वर्गीय वतनात जिला आपण सहवारस मानतो, तिला चार खोल्यांच्या घरात परकी कसे मानावे?

म्हणून पित्यांनो, हातपाय चालत आहेत तोवर मुलामुलींना एकत्र बसवून आपली इच्छा सांगा व ती लेखी करून ठेवा. बंधूंनो, कागद पुढे करण्यापूर्वी बहिणीला तिचा वाटा किती ते स्वतःच्या तोंडाने सांगा. आणि मंडळीच्या वडीलजनांनो, एखादी भगिनी आपल्या दाराशी आली तर तिला लोभी म्हणू नका. मोशेप्रमाणे तिचे म्हणणे प्रभूपुढे न्या. तो न्यायी पिता आहे. त्याच्या घरात कोणतीही कन्या रिकाम्या हाताने उभी नाही.