ताळा

गणिताचा पेपर सुटला की इंदूरच्या कोणत्याही परीक्षा केंद्राबाहेर मुलांचे घोळके जमतात. 'तुझे उत्तर किती आले?' चौघांचे जुळते, पाचव्याचा चेहरा उतरतो. लगेच गुणांचे अंदाजही बांधले जातात. घरी आपण वडीलधारेही तोच प्रश्न विचारतो.

या जुळवाजुळवीत आपण नेमके काय शोधतो? आपल्या जुन्या पिढ्यांना 'ताळा' चांगला परिचित होता. भागाकाराला भाजकाने गुणावे, बाकी मिळवावी. मूळ संख्या आली की ताळा जमला. त्यासाठी शेजाऱ्याची संमती लागत नसे. घोळक्यातला पडताळा मात्र सत्याचा नसून सोबतीचा असतो. चौघे मिळूनही चुकू शकतात.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा विलक्षण गुणधर्म १९४९ मध्ये जाहीर केला. जगभर त्याचा बोलबाला झाला तो १९७५ मध्ये, अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिल्यानंतर. मधल्या सव्वीस वर्षांत ती संख्या कमी खरी नव्हती.

मग पेपरानंतरची चर्चा निषिद्ध मानावी काय? तसे नव्हे. 'किती आले?' याऐवजी 'कसे सोडवलेस?' असे विचारावे. परीक्षकही पायऱ्यांना गुण देतोच. पाचव्याला आपली रीत मांडू द्यावी. ती चुकली असेल तर त्याला कारण कळेल, बरोबर असेल तर चौघांना. उद्याच्या पेपराला तो खचून जाऊ नये, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.