उचंत खाते

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याबरोबर प्रवास करावा, असं जुनी माणसं सांगत. माझी त्यात एक छोटीशी दुरुस्ती आहे. प्रवास करायची गरज नाही, प्रवासाची वर्गणी काढावी. माणूस घरबसल्या ओळखू येतो. आमच्या शाखेची सहल दरवर्षी अलिबागला जाते आणि वर्गणीची यादी दरवर्षी माझ्याकडे येते, कारण मी बी. कॉम. आहे. (बी. कॉम. झालेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी येतात असा लोकांचा समज आहे : वर्गणी काढणं आणि इन्कमटॅक्सचा फॉर्म भरणं.) कोण म्हणतो, "मी मासे खात नाही, माझे शंभर कमी करा." कोण म्हणतो, "मुलगा पाच वर्षांचा आहे, अर्धं तिकीट." हा मुलगा मागल्या सहलीलाही पाच वर्षांचाच होता. आणि एखादा काहीच न बोलता पुढच्या काउंटरवरून पैसे पाठवून देतो. मला भीती वाटते ती या शेवटच्या माणसाची. त्याला ते परवडले की नाही, हे कधीच कळत नाही.

यंदा मात्र माझी ख्याती सातासमुद्रापार पोचली. माझा भाचा टोरँटोला असतो. कॉम्प्युटरवर काहीतरी करतो; काय करतो ते त्याने मला तीनदा समजावून सांगितलंय आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली आहे. कॉलेजातले सात मित्र नोकरीच्या निमित्ताने तिकडेच आसपास विखुरलेले. त्यातल्या एकाचं डिसेंबरात लग्न. तेव्हा त्याआधी त्याची 'बॅचलर पार्टी' करायची, आणि ती करायची व्हँकूव्हरला.

माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, म्हणाली, "केळवणच ना ते? मग घरी श्रीखंड-पुरी करा की. त्यासाठी विमान कशाला?"

विमान म्हणजे साधं नव्हे. टोरँटो ते व्हँकूव्हर साडेतीन हजार किलोमीटरच्या जवळपास, पाच तास उडायचं. देश तोच, प्रांत निराळा, घड्याळ तीन तास मागे. एवढं करून तिथे काय, तर पाऊस! ऑक्टोबर ते मार्च तिथे आभाळ गळतच असतं. मुहूर्त कुठला, तर ऑक्टोबरातला. त्यांच्या 'थँक्सगिव्हिंग'ची सुट्टी दुसऱ्या सोमवारी येते, तिला शनिवार-रविवार जोडून तीन दिवस. उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, हेच शहर कोरडं ठणठणीत आणि सोनेरी असतं म्हणे. मग पावसात का?

"नवरदेवाची इच्छा," भाचा म्हणाला. "तो रत्नागिरीचा आहे, मामा. सहा वर्षं बर्फात काढली त्याने. म्हणतो, बर्फ म्हणजे आवाज बंद केलेला पाऊस. लग्नाआधी एकदा समुद्र, डोंगर आणि पाऊस एका जागी बघायचेत."

माझा विरोध तिथेच संपला. कोकणातल्या माणसाला पाऊस नाही म्हणण्याचा अधिकार फक्त हवामान खात्याला. आता, खरं सांगायचं तर त्या पावसाचा आकडा पाहून रत्नागिरीकर हसेल. तिथल्या विमानतळावर वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर. आमच्या मुंबईत जून-जुलै या दोन महिन्यांतच त्याहून जास्त कोसळतो. पण मुंबईचा पाऊस वसुलीला आल्यासारखा येतो, धिंगाणा घालतो आणि जातो. व्हँकूव्हरचा पाऊस सरकारी कामासारखा : रोज थोडा, सहा महिने, आणि संपला असं म्हणायची सोय नाही.

तर भाच्याने तक्ता करून पाठवला. हॉटेल, भाड्याची मोटार, देवमासे दाखवणारी बोट (हंगाम ऑक्टोबरपर्यंत असतो), कॅपिलानोचा झुलता पूल, जेवणखाण, सात रेनकोट. त्यांच्यात रीत अशी की नवरदेवाने काही द्यायचं नाही. त्याचा वाटा इतरांनी वाटून घ्यायचा. सातांचा खर्च सहांत. इथपर्यंत हिशेब तिसरीतल्या मुलानेही केला असता. मामा लागला तो पुढे.

त्या सहांतल्या एकाची नोकरी ऑगस्टमध्ये गेली. कंपनीने एका सकाळी पत्र पाठवलं, दुपारपर्यंत त्याचा पास दार उघडेनासा झाला. तिकडे नोकरी गेली की नुसता पगार जात नाही, परमिटच्या तारखाही डोळ्यांपुढे नाचायला लागतात. बेताबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बघतो."

'बघतो' हा मराठीतला सर्वांत सभ्य नकार आहे. लग्नाच्या स्थळापासून उसनवारीपर्यंत सगळीकडे चालतो.

"मामा, तो नसेल तर मजा नाही," भाचा म्हणाला. "म्हणून आम्ही ठरवलंय, त्याला आकडा कमी सांगायचा. फरक आम्ही पाच जण भरू. तक्त्यात एक रकाना लपवून ठेवतो. तू बँकेत आहेस. त्याला कळणार नाही असं कसं दाखवायचं?"

"बाबा रे, बँकेत असं दाखवलं तर आत टाकतात."

"पण हे चांगल्या कामासाठी आहे!"

"आत गेलेले सगळे हेच सांगतात."

फोन ठेवला खरा, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. आमच्याकडे एक उचंत खातं असतं. एखादी रक्कम कुठल्या खात्याला लावावी हे कळेना, की ती तात्पुरती उचंतला टाकायची. मोठी सोयीची जागा. मात्र तिचा एकच नियम : तिथे काही कायमचं राहता कामा नये. इन्स्पेक्शनला आलेला साहेब चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतो, "उचंतमध्ये काय पडलंय?" आणि सहा महिन्यांपूर्वीची एन्ट्री सापडली की चहा गार होतो. आता या पोरांनी मित्रावर केलेला उपकार उचंतला टाकायचं ठरवलं होतं. तो तिथून काढणार कोण आणि कधी?

मी हिला विचारलं. ही म्हणाली, "त्यात विचार कसला करायचा? या हाताचं त्या हाताला कळू नये. गुप्तदान म्हणतात त्याला. माझी आजी कोहळ्यात नाणं घालून द्यायची."

वाद बिनतोड होता, म्हणून मी रात्री एकट्याने त्याचा विचार केला. गुप्तदानात घेणाऱ्याला कोणी दिलं हे कळत नाही. पण आपण घेतलं, हे त्याला कळतं. कोहळा चिरला की नाणं खणकन ताटलीत पडतं. इथे घेणाऱ्याला आपण घेतोय हेच माहीत नाही, आणि देणारे मात्र पाचही जण एकमेकांना ओळखून आहेत. म्हणजे गुप्त कोणापासून? फक्त ज्याचा प्रश्न आहे त्याच्यापासून. तीन दिवस सात मित्र एका मोटारीत हसणार, आणि त्यातल्या पाचांना एक गोष्ट ठाऊक असणार, जी सहाव्याला ठाऊक नाही. त्याने आणखी एक बिअर मागवली तर पाच जणांच्या मनात क्षणभर, अगदी क्षणभर, काहीतरी येणार. ते येऊ नये असं प्रत्येकाला वाटणार. आणि येणार.

मग उघड सांगावं? "तुझे पैसे आम्ही भरतो." हे वाक्य फोनवर म्हणून बघा. मी आरशासमोर म्हणून बघितलं. कितीही प्रेमाने म्हटलं तरी त्याला मदतनिधीचा वास येतो.

मग सगळ्यांसाठीच स्वस्त करावं? हा मार्ग मला, माझ्या स्वभावानुसार, फार आवडला. आणि व्हँकूव्हर या बाबतीत उदार शहर आहे. कॅपिलानोचा पूल १४० मीटर लांब, ७० मीटर उंचीवर, मूळ १८८९ सालचा. पण तिकीट साठाहून अधिक कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले चार हजारांच्या घरात. झुलण्याचे! तिथून थोड्याच अंतरावर लिन कॅन्यनला दुसरा झुलता पूल आहे, १९१२ चा. जरा बुटका, पण दरीपासून पन्नास मीटर वर, आणि चकटफू. पूर्वी खासगी होता तेव्हा तिथेही दहा सेंट घेत. पुढे गावाने तो आपल्याकडे घेतला आणि सर्वांना मोकळा केला. पन्नास मीटरवरून पाय लटपटायचे ते सत्तरइतकेच लटपटतात. स्टॅन्ले पार्कभोवती समुद्राला लागून दगडी बांध आहे, नऊ-दहा किलोमीटरचा. त्यावरून चालायला पैसे नाहीत. त्याचं काम १९१७ ला सुरू झालं आणि शेवटचा तुकडा पक्का व्हायला १९८० उजाडलं. कनिंगहॅम नावाच्या एका गवंड्याने बत्तीस वर्षं, १९६३ ला मरेपर्यंत, त्या भिंतीवर नजर ठेवली. आमच्याकडे सहा महिन्यांत काँट्रॅक्टर बदलतो. त्याच पार्कात १८१६ साली इंग्लंडात ओतलेली तोफ रोज रात्री नऊ वाजता उडते, तीही फुकट. आणि पार्कातून पलीकडे नेणारा लायन्स गेट पूल १९३८ ला गिनेस बिअरवाल्या घराण्याच्या पैशाने झाला. बॅचलर पार्टीला याहून पवित्र वास्तू कोणती?

ग्राउस डोंगराची चढण तेवढी मी काट मारून काढली. अडीच किलोमीटरांत आठशे मीटर उंची, २८०० च्या वर पायऱ्या. चढायला फुकट, पण त्या वाटेने उतरायला बंदी. खाली यायचं तर केबल कारचं तिकीट. कर्ज देणाऱ्यांची ही पद्धत मी जवळून पाहिली आहे.

तर कॅपिलानो गेला, लिन आला, हॉटेलचा एक तारा कमी झाला. देवमासे राहिले, कारण ते नवरदेवाला हवे होते. दर डोई ८४० डॉलर. नवरदेवाचे ८४० सहांत वाटले की प्रत्येकाचे ९८०. तरीही नोकरी नसलेल्याला फारच. आणि खरं सांगू? स्वस्त करण्यातही एक खोटेपणा आहेच. आपण कोणासाठी स्वस्तात राहतोय हे सहा जणांना कळतं आणि सातव्याला सगळ्यांत आधी कळतं.

इथे मला त्या तक्त्यात एक गंमत दिसली. नवरदेवाचे ८४० डॉलरही दुसरेच भरत होते. त्याला त्याची लाज वाटत होती का? छे! उलट मान. तिकडे मॅनिटोबा प्रांतात तर लग्नाआधी 'सोशल' नावाचा जलसा करून चक्क तिकिटं विकतात आणि त्या पैशात लग्नाला हातभार लावतात. नवरानवरी दारात उभे राहून हसतमुखाने घेतात. आपल्याकडे आहेराची पाकिटं मांडवात सगळ्यांसमोरच दिली जातात. म्हणजे पैसे घेण्यात लाज नाही. रक्कम तीच, देणारे हात तेच. 'नवरदेव' या नावे टाकली की सत्कार, 'नोकरी गेली' या नावे टाकली की भीक. सगळी लाज खात्याच्या नावात आहे. पंचवीस वर्षं खात्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाला हे आधीच माहीत असायला हवं, असं ही म्हणाली. हिचं म्हणणं मी नोंदवून ठेवलं आहे.

मी भाच्याला फोन करून एवढंच सांगितलं, "रकाना लपवू नकोस. त्याच्या पैशाला चांगलं नाव शोध, आणि ते त्यालाच शोधू दे."

"म्हणजे काय करू?"

"ते मला माहीत नाही. मी क्लार्क आहे, व्यास नाही."

भाच्याने अर्थातच ऐकलं नाही. त्याने मित्राच्या नावापुढे ४८० लिहिले, उरलेले पाचशे पाच जणांत शंभर-शंभर वाटले, तो रकाना लपवला आणि तक्ता सातही जणांना पाठवून दिला. कॉम्प्युटर इंजिनिअरपासून रकाना लपवायचा म्हणजे कोळ्यापासून बोंबील लपवण्यापैकी. दहा मिनिटांत त्याने तो उघडला.

मग दोन दिवस तो गप्प. भाच्याच्या पोटात गोळा. मध्यरात्री मला फोन, "मामा, आता?" मला काय ठाऊक आता? माझ्याही पोटात गोळा. नुसती सहल बुडाली असती तर चाललं असतं. दहा वर्षांची मैत्री एका रकान्यात बुडायची वेळ आली होती.

तिसऱ्या दिवशी त्याने ४८० डॉलर पाठवले आणि तक्त्यात स्वतः दोन ओळी लिहिल्या. पहिली : 'यातले आधी १४० नवरदेवाच्या वाट्याचे. उरलेले ३४० माझ्या खर्चापोटी.' दुसरी : 'माझ्याकडून येणे ५००. माझ्या लग्नात वळते करावे.'

मी ते वाचून खुर्चीत सरळ बसलो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ५९! देणेकऱ्याची देणी अनेक असतील आणि पैसे देताना तो सांगेल की हे अमुक देण्यापोटी, तर ते त्याच देण्यापोटी धरावे लागतात. बी. कॉम.ला पाठ केलं होतं. त्यात इतकं काही असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पोराने खिशातला पहिला पैसा मित्राच्या सत्काराला लावला होता आणि मग स्वतःच्या पोटाला. यजमानांच्या यादीतून त्याला कोणी काढू शकत नव्हतं. राहिलेल्या पाचशेंना त्याने नावही दिलं होतं. आमच्या घरी आईची आहेराची वही आहे : 'अमक्यांकडून रु. ११, तमक्यांकडून स्टीलचा डबा.' त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची आणि थोडं वर घालून परत करायचं. तेच हे.

"मामा, पण त्याचं लग्न ठरलेलंसुद्धा नाही," भाचा म्हणाला. "मुदत काय धरायची? व्याज लावायचं का?"

मी त्याला फोन ठेवायला सांगितला.

तक्ता अर्थात नवरदेवानेही पाहिला होता. सगळं वाचून त्याने कशावरही चकार शब्द काढला नाही. फक्त 'रेनकोट, नग ७, दर ६०' ही ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं, 'नकोत. भिजायलाच चाललोय.'

सात रेनकोटांचे ४२०. सहांत वाटले की प्रत्येकी ७०. उचंतला आता ४३० राहिले आहेत.