काळजीपोटी खोटा आकडा

कागल पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसी मशिनवर काम करणाऱ्याला ‘ऑफसेट’ म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. टूल झिजलं की तेवढा फरक मशिनमध्ये भरायचा. पण भरल्याचं पुढच्या शिफ्टला सांगितलं नाही, तर पुढचा माणूस तोच फरक पुन्हा भरतो आणि जॉब रिजेक्ट होतो.

समुद्रावर असाच न सांगितलेला आकडा बोट रुतवू शकतो.

मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा शिडाच्या बोटी जुन्या झाल्या की त्यांचं खोली मोजणारं यंत्र कधीतरी बदलावं लागतं. बोटीच्या तळाचा सेन्सर खाली ध्वनिलहरी सोडतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून खोली कळते. पण ती सेन्सरपासूनची. बोटीची जड कील त्याच्याही खाली असते. समजा, ती दीड मीटर खाली आहे. मग पडद्यावर ३ मीटर दिसले तरी कीलखाली दीडच मीटर पाणी उरतं. हा फरक यंत्रात भरता येतो.

इथे मालकाला वाटतं, आणखी अर्धा मीटर गुपचूप कमी दाखवू. सुकाणूवर उद्या कुणी नवखा असेल, नदीच्या मुखाशी वाळू सरकत असते. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात, तसंच हे. हेतू चांगला आहे, मग बिघडलं काय?

बिघडतं ते असं. घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांना कळतं आणि सगळे दहा मिनिटं उशिराच निघतात. बोटीवरही ‘शून्य दाखवलं तरी अर्धा मीटर असतोच’ ही सवय जडते. मग नवं यंत्र बसतं, खरं बोलायला लागतं. सवय मात्र जुन्या यंत्राचीच राहते, आणि बोट वाळूत बसते.

सावधगिरी हवीच. पण ती निर्णयात असावी, मोजमापात नको. ‘कीलखाली दोन मीटरपेक्षा कमी पाण्यात जायचं नाही’ असा नियम उघडपणे करता येतो. त्यावर कुणी प्रश्न विचारू शकतं, वादळात तो मोडायचा की नाही हेही ठरवू शकतं. लपवलेल्या अर्ध्या मीटरवर कुणालाच विचार करता येत नाही. आपण दुसऱ्याला वाचवत असतो, पण त्याच वेळी त्याला खरं पेलणार नाही असंही ठरवून टाकतो.

म्हणून नवं यंत्र बसवलं की पडद्याशेजारी एक चिठ्ठी चिकटवावी: आकडा कीलखालचा आहे, इतका फरक भरला आहे, तारीख, सही. कागलच्या शिफ्ट रजिस्टरमध्येही एवढंच लिहायचं असतं.