आडोसा आणि हरीण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

यंदा नवरात्र आटोपलं आणि आमच्या नातवाचा अमेरिकेतून फोन आला. तो मिशिगन राज्यात नोकरीला आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आबा, ऑफिसातला एक मित्र हरणाच्या शिकारीला चल म्हणतोय. तिकडं कायद्याने परवानगी आहे. जाऊ का?" त्याची आजी पलीकडून लगेच ओरडली, "नको रे बाबा, पाप आहे ते!" मी मात्र लगेच काही बोललो नाही. "दोन दिवसांनी सांगतो," म्हणालो.

घरात सगळ्यांना नवल वाटलं. एवढी वर्षं दत्तमंदिरात पारायणाला बसणारा माणूस; त्याला या प्रश्नाला दोन दिवस कशाला पाहिजेत? पण भक्तजनहो, ज्याने स्वतः त्या आडोशात बसून पाहिलं आहे त्याला चटकन उत्तर देता येत नाही. ते दोन दिवस मी काय विचार केला, तेच या अंकाच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो.

माझं आजोळ येवल्याकडचं. आपल्या नामपूरला मोसमच्या काठी बागायत. तिकडं सगळं माळरान. काळविटांचे कळप त्या माळावर तेव्हाही होते, आजही आहेत. गोष्ट १९६६-६७ सालची. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. मामाकडे ठासणीची बंदूक होती. मामा दत्तभक्त. गुरुवारी बंदुकीला हात लावायचा नाही, असा त्याचा नेम. आजी त्याला म्हणायची, "मग बाकीचे सहा दिवस दत्तमहाराज रजेवर असतात का रे?" मामा हसून विषय सोडून द्यायचा.

नाल्यातल्या डबक्याजवळ मामाने कमरेइतका खड्डा खणला. भोवती बोराट्या लावल्या, वर पऱ्हाट्या आणि गवत टाकलं. पुढे वीतभर फट ठेवली आणि मागची बाजू गच्च बंद केली. मागून उजेड आला की आतलं माणूस हललेलं दिसतं, म्हणून. एवढं करून आठ दिवस आम्ही तिकडे फिरकलोच नाही. "जनावराला तो आडोसा झुडपासारखा वाटला पाहिजे. रोज दिसलेल्या गोष्टीला कोणी भीत नाही," मामा म्हणाला. नवव्या दिवशी उन्हं कलायच्या आधीच आत जाऊन बसलो. जाताना त्याने चिमूटभर माती हवेत सोडून वारा पाहिला. पायाखालचा पाचोळा वेचून काढला. तंबाखू नाही, खाकरणं नाही, डास चावला तरी हात हलवायचा नाही.

नातवाने मित्राच्या आडोशाचं वर्णन केलं तेव्हा मला हसू आलं. तिकडं त्यासाठी कापडी तंबू मिळतो. छत्रीसारखा, मिनिटभरात उघडतो. आतून काळाकुट्ट. खिडकी फक्त पुढची उघडायची, मागच्या बंद. काही दिवस आधी नेऊन उभा करायचा, वर आसपासच्या फांद्या खोवायच्या, वारा पाहून जागा धरायची, न करकरणारी खुर्ची न्यायची. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचा मामाचा खड्डा आणि आजचा अमेरिकन तंबू, दोघांची विद्या एकच. जनावर येवो न येवो, निश्चल बसायचं. डोळे उघडे, मन एका जागी.

आता मला सांगा, हे वर्णन शिकाऱ्याचं की साधकाचं? आसन स्थिर, श्वास मंद, बोलणं बंद, लक्ष एकाच ठिकाणी. आपण जपाला बसतो तेव्हा पाच मिनिटांत गुडघा दुखतो, कांद्याचा भाव आठवतो. मामा मात्र तीन तास दगडासारखा बसला होता. मग निव्वळ एकाग्रतेला पुण्य म्हणायचं का?

अवधूतांनी याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. त्या अवधूतांना आपण श्रीदत्तप्रभूच मानतो. त्यांत एक गुरू बाण करणारा कारागीर आहे. बाण सरळ करण्यात तो इतका गढला होता, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. अवधूतांनी त्याची एकाग्रता उचलली, बाण मात्र तिथेच ठेवला. याच चोवीसांत हरीणही गुरू आहे. व्याधाच्या गाण्याला भुलून ते जागीच थबकतं आणि प्राणाला मुकतं. कानाला काय ऐकू द्यायचं ते सांभाळ, हा त्याचा धडा. कबुतराच्या गोष्टीतही जाळं टाकणारा व्याध आहे. पण पहा, कबूतर गुरू आहे, हरीण गुरू आहे, बाण करणारा गुरू आहे. जो लपून बसतो तो व्याध मात्र चोवीसांच्या यादीत नाही. एकनाथी भागवताची कितीतरी पारायणं झाली, तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नातवाच्या फोनने आलं.

व्याधाची चिकाटी काय कमी असते? मग तो का नाही? मला वाटतं, त्याचं कारण आडोशातच आहे. आडोसा म्हणजे मी तुला पाहणार, पण तू मला पाहायचं नाहीस. तुझी तहान मला कळते, तुझी पाण्याची वाट मला कळते, आणि त्या कळण्याचाच मी तुझ्याविरुद्ध उपयोग करणार. तुझं म्हणणं ऐकायची वेळच मी येऊ देणार नाही. वाल्मीकी रामायणात बाण लागून पडलेला वाली प्रभू रामचंद्रांना हेच विचारतो : मी दुसऱ्याशी लढत असताना, मला न दिसता का मारलंस? प्रभूंनी त्याला धर्म समजावला. त्यात माणसं मृगांना लपूनछपून मारतात, हाही दाखला आहे. वालीचं समाधान झालं, त्याने हात जोडले. त्या उत्तरावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण मरणाच्या दारात असलेल्या वालीला हा प्रश्न विचारता आला आणि तो प्रभूंनी ऐकून घेतला, हे मला मोठं वाटतं. माळावरच्या हरणाला कोण विचारू देतं?

याच्या उलट गोष्ट आपल्या प्रत्येक घरात वाचली जाते. शिवलीलामृताचा दुसरा अध्याय. त्यातला व्याधही आडोशातच बसला आहे. पाणवठ्यावरच्या बेलाच्या झाडावर, रात्रभर उपाशी, जागा. दिसण्यात आड येणारी पानं तो तोडून खाली टाकतो आणि ती शिवलिंगावर पडतात. आपण म्हणतो, नकळत उपवास, जागर आणि बेल घडला म्हणून तो तरला. ते खरंच आहे. पण आणखी एक गोष्ट घडली. हरिणी बोलली आणि व्याधाने ऐकलं. बाण धनुष्याला लावलेला असताना त्याने तिचं म्हणणं पुरं होऊ दिलं, मुदत दिली. त्या क्षणी तो झाडावर होता, पण आडोशात राहिला नव्हता. अवधूतांचं हरीण ऐकून मेलं आणि शिवलीलामृतातला व्याध ऐकून तरला. कान तेच; कोणाचं ऐकायचं एवढाच फरक.

आता माझी गोष्ट पुरी करतो. त्या संध्याकाळी तीन माद्या आणि एक काळा नर आले. एक मादी पाण्याशी वाकली, मग तिने मान वर केली आणि थेट आमच्या फटीकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडावं. आवाज अगदी घशापर्यंत आला होता. पण मी ओरडलो नाही. मामाचा धाक होता. आणि खरं सांगायचं तर पुढे काय होतं ते बघायचीही ओढ होती. बार झाला. रात्री घरोघर वाटे गेले. मीही जेवलो, आणि चव लागली. हे लपवून वर धर्माच्या गोष्टी सांगण्यात अर्थ नाही. बार मामाचा होता, पण गप्प बसणं माझं होतं. ते गप्प बसणं पुढे जन्मभर अधूनमधून वर येत राहिलं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मामाच्या घरी तेव्हा खाणारी तोंडं अकरा होती. जे समाज पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगले त्यांना आपण पोटभरल्या माणसांनी पापी म्हणणं सोपं आहे. महाभारतात तर मिथिलेचा धर्मव्याध मांस विकून कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो. अमेरिकेतही नातवाचा मित्र चोरून शिकार करत नाही. परवाना काढावा लागतो, हंगाम ठरलेला असतो. मिशिगनला धनुष्यबाणाचा १ ऑक्टोबरपासून, बंदुकीचा १५ नोव्हेंबरपासून. तिकडं बऱ्याच भागांतून लांडगे नाहीसे झाले, हरणं वाढली, गाड्यांवर आदळू लागली. तिथल्या १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठीच खर्च होतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळविटाला पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. त्याची शिकार आता गुन्हा आहे. दुसरीकडे ज्याच्या उभ्या मक्यात रात्री रानडुकरं शिरतात त्या शेतकऱ्याचा संतापही खोटा नाही. देश, काळ, गरज बदलली की नियम बदलतात. म्हणून मित्राला पापी म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

पण आडोशाचा प्रश्न शिकारीपुरता नाही, हे मला त्या दोन दिवसांत पटलं. आपण गृहस्थ लोक बंदूक न धरता किती आडोसे उभे करतो! पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. दलालाला कळे, व्यापाऱ्याला कळे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून बघत राही. बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आले आणि तो रुमाल उठला. घरातला रुमाल उठला का? भाऊ मुंबईला आहे तोवर वाटणीची बोलणी उरकायची. बहिणीची सही हवी, पण कागद कशाचा ते सांगायचं नाही. म्हातारीला "इथं अंगठा दे" म्हणायचं. सगळं कायद्यात बसवून, शांतपणे, वारा पाहून. समोरच्याची गरज आपल्याला ठाऊक, आपला हेतू त्याला ठाऊक नाही. हाच तो बोराट्यांचा आडोसा. आणि घरातली बाकीची मंडळी? ती मी बसलो तशी, घशात आलेला आवाज गिळून बसतात.

म्हणून मी एक साधी कसोटी धरली आहे. जे आडून करतो आहे ते समोर येऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून, त्याचं म्हणणं पुरं ऐकून करता येईल का? आलं, तर कदाचित ते कर्तव्य असेल. हात खाली आला, तर तो आला म्हणून दत्तमहाराजांचे आभार मानावेत.

एकादश स्कंधाचा शेवटही पाहा. ज्या स्कंधात हरीण गुरू झालं, त्याच स्कंधाच्या तिसाव्या अध्यायात जरा नावाचा व्याध झाडाखाली टेकलेल्या भगवंतांचा चरण हरणाचं मुख समजून बाण सोडतो. जवळ येऊन पाहतो आणि पायांवर कोसळतो. भगवंत त्याला म्हणतात, भिऊ नकोस, ऊठ. आणि स्वर्गाला धाडतात. लांबून जे हरीण दिसलं, ते जवळ गेल्यावर देव निघालं. मामाच्या बाबतीत हीच माझी आशा आहे. वय झाल्यावर त्याने बंदूक सरकारजमा केली. कारण कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दोन दिवसांनी नातवाला सांगितलं, "बाळा, बसायला जा. पण हातात काही घेऊ नकोस. ते समोर आलं की नीट बघ. आणि आल्यावर मला सांग." पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. तीन तास बसले होते. एक मादी आली, दोन पिलं आली. मित्र म्हणाला, पिलं बरोबर आहेत, हिला नाही मारायचं. कोणी काही केलं नाही. "आबा, मी श्वास धरून बसलो होतो," तो म्हणाला, "आणि ती गेल्यावर मला उगाच हात जोडावेसे वाटले." त्याच्या आजीने लगेच देवाजवळ साखर ठेवली.

मागच्या उन्हाळ्यात मी येवल्याकडे गेलो होतो. ममदापूरला आता काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. बुद्धपौर्णिमेला वनखातं आपल्या जंगलांत पाणवठ्यांवर माणसं बसवून जनावरं मोजतं. तोच आडोसा, तीच स्तब्धता, हातात फक्त वही. तसाच मीही बोरीच्या जाळीमागे तासभर बसलो. कळप आला, पाणी प्याला, गेला. या खेपेला गप्प बसण्याचं काही वाटलं नाही.

दत्तजयंती मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला येते, आणि मार्गशीर्ष हे नावच मृगशीर्षावरून, हरणाच्या मस्तकावरून, आलेलं. त्या रात्री पालखी मंदिरात परतली की क्षणभर वर बघा. चंद्र मृगाच्या आसपास असतो आणि त्याच्या मागोमाग व्याधाचा तेजस्वी तारा उगवतो. शिवरात्रीची हरणं आणि तो व्याध, दोघांनाही आभाळात जागा मिळाली असं आपले वाडवडील सांगत. ज्याने ऐकलं त्यालाही, जी बोलली तिलाही. आपल्या घरातल्या हरणाचं बोलणं ऐकायची बुद्धी महाराजांनी आपल्याला द्यावी, एवढंच मागणं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!