पान्हा आणि पदक

रणगाड्यात बसून शत्रूवर चाल करून जाणाऱ्याला आपण शूर म्हणतो. त्याच रणगाड्याचा तुटलेला पट्टा गोळीबारात जोडणाऱ्या मेकॅनिकला काय म्हणायचे? शौर्याचा विचार करताना आम्हाला हा माणूस मोलाचा वाटतो, कारण त्याच्यापाशी आल्यावर आपली नेहमीची व्याख्या अपुरी पडते.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने अशा माणसांनाही पदके दिली. १७ ऑक्टोबर १९३८ या एकाच दिवशी तिथे दोन पदके सुरू झाली होती. एक ‘शौर्यासाठी’, दुसरे ‘लढाईतील कामगिरीसाठी’. दोन्ही चांदीची. पण पहिले ३७ मिलिमीटर व्यासाचे, दुसरे ३२. पहिल्याच्या मानकऱ्याला महिना १० रूबल, दुसऱ्याच्या ५. हिमतीची प्रतवारी सरकारने अशी आधीच लावून ठेवली होती. पहिल्या पदकावर रणगाडा कोरलेला आहे. रणगाडा दुरुस्त करणाऱ्याच्या वाट्याला मात्र पुष्कळदा दुसरे येई. आणि १९४४ पासून तेच दुसरे पदक सैन्यात नुसती दहा वर्षे नोकरी झाली म्हणूनही मिळू लागले!

मेकॅनिकचे काम काय होते, हे पाहिले की ही प्रतवारी खटकते. निकामी झालेला रणगाडा कधी दोन्ही फौजांच्या मधोमध अडकून पडे. रात्री सरपटत तिथवर जायचे, पोलादी दोर अडकवायचा, जमल्यास तिथेच पट्ट्याचा खिळा ठोकून बसवायचा. प्रत्येक घावाचा आवाज शत्रूला ऐकू जाणार. चाल करून जाणाऱ्याच्या मदतीला निदान संताप तरी असतो. संतापाने नट बसत नाही. हात थरथरला तर काम बिघडते, आणि ते बिघडले तर उद्या त्या गाड्यात बसणारे चौघे-पाचजण मरतात. जीव मुठीत असताना डोके थंड ठेवणे ही आमच्या मते हिमतीची अधिक अवघड जात आहे. तिला टाळ्या मिळत नाहीत, एवढेच.

दुरुस्त झालेला रणगाडा पुन्हा माणसे मारायलाच निघतो, हे आम्ही विसरलेलो नाही. पण १९४१ च्या जूनमध्ये हिटलरची फौज ज्यांच्या गावांत घुसली, त्यांना हात धुऊन अलिप्त राहण्याची सोय नव्हती.

पदकाची शिफारस एका छापील कागदावर होई. त्यात पराक्रमाची हकिकत चार ओळींत लिहीत. वर नाव, हुद्दा, जन्मवर्ष, आणि एक रकाना राष्ट्रीयत्वाचा. रशियन, युक्रेनी यांच्याबरोबर तातार, उझबेक, कझाक असेही शब्द त्यात येत. पदक देताना तो रकाना आड आला नाही. पण मे १९४४ मध्ये शत्रूला सामील झाल्याचा ठपका सबंध जमातीवर ठेवून क्रिमियातील तातारांना गुरांच्या डब्यांतून मुख्यतः उझबेकिस्तानात हाकलले गेले. त्यांत बायका होत्या, म्हातारे होते, लेकरे होती. त्यांचे मुलगे त्या वेळी त्याच सरकारच्या बाजूने लढत होते. आघाडीवरून सुटल्यावर त्यांचीही रवानगी तिकडेच झाली. चार ओळींतली हकिकत खोटी ठरली नव्हती, ती कुणी वाचलीच नाही. वाचला गेला तो फक्त रकाना.

पदकांचे मासिक रूबल १ जानेवारी १९४८ पासून सर्वांचेच बंद झाले. हद्दपार सैनिकांना ठरावीक दिवशी कमांडंटच्या कचेरीत हजेरी लावावी लागे. तिथे जाताना ते चांदीचे पदक छातीवर लावायचे की खिशात ठेवायचे?